नवी गाडी, जुनी गाडी आणि लंगडा घोडा

सकाळी सातची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात दहा-पंधरा मिनिटे उभे राहून एकमेकांची विचारपूस करायची आपल्याकडची जुनी सवय. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अशाच एका रविवारी माझ्या भाच्याने मला हळूच बाजूला घेतले. म्हणाला, “मामा, तुम्ही पप्पांशी बोलाल का? मला गाडी घ्यायची आहे आणि ते ऐकूनच घेत नाहीत.”

भाचा सव्वीस वर्षांचा. गोरेगावला नोकरी करतो. चार वर्षे लोकलमध्ये लोंबकळत त्याने साडेचार लाख रुपये बाजूला टाकले आहेत. मला त्याचे कौतुक वाटले. त्याच्या वयात महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे बसभाड्याचीही मारामार असे. पण त्याला घरातल्या सगळ्यांना लग्नाकार्याला नेणारी ऐसपैस गाडी नको होती. त्याला ‘स्पोर्टी’ गाडी हवी होती. बुटकी, चटकन उसळी घेणारी, वळणावर रस्त्याला घट्ट चिकटून जाणारी. त्याने दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. एक ह्युंदाईची आय-२० एन लाइन, नवी कोरी. तिचे इंजिन एक लिटरचे, पण टर्बोमुळे ताकद १२० पीएस. दुसरी फोक्सवॅगनची पोलो, २०२१ सालची, तीही एक लिटर टर्बो, ११० पीएस, ठाण्याच्या एका गृहस्थाने वापरलेली. पोलो आपल्याकडे चाकणच्या कारखान्यात तयार होत असे. २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले, त्यामुळे आता पोलो हवी तर ती जुनीच घ्यावी लागते.

नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत अकरा-बारा लाखांच्या घरात जाणार होती. जुन्या पोलोचे सव्वासात लाख सांगितले होते. माझ्या मेहुण्यांचे म्हणणे साधे होते: “घ्यायची तर नवी घे, नाहीतर घेऊ नकोस. दुसऱ्याची कटकट पैसे मोजून घरी कशाला आणायची?” शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, वरचा अधिभारही गेला होता. मेहुणे हा आकडा आल्यागेल्याला ऐकवत होते. भाच्याचे म्हणणेही खोटे नव्हते. नव्या गाडीसाठी सात लाखांचे कर्ज काढले, तर पाच वर्षे दरमहा साडेचौदा हजारांच्या आसपास हप्ता. “पहिली गाडी आहे मामा, ओरखडा पडणारच. आणि किंमत पडायचीच असेल तर ती आधीच्या मालकाच्या डोक्यावर पडलेली काय वाईट?”

मी विमा कंपनीत आयुष्य काढलेला माणूस. किंमत कशी पडते हे मला तोंडपाठ आहे. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवताना जो तक्ता वापरतात, त्यात सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घट धरतात, वर्षभरात पंधरा, दोन वर्षांत वीस, तीनमध्ये तीस, चारमध्ये चाळीस आणि पाच वर्षे झाली की पन्नास. म्हणजे पाच वर्षांत अर्धी गाडी कागदावरून नाहीशी होते. या हिशेबाने पोरगा बरोबर होता. तरीही “घे जुनी” असे मी त्याला तिथल्या तिथे म्हणालो नाही. त्याचे कारण मी त्या दिवशी सांगितले नाही. वाचकांना ते पुढे कळेल.

आधी थोडे ‘स्पोर्टी’ या शब्दाविषयी. आपल्यातले काही जण म्हणतील, हा सगळाच चैनीचा मामला आहे. पापडीपासून आगाशीपर्यंतच्या आपल्या रस्त्यांवर दर शंभर पावलांवर गतिरोधक, घोडबंदर रोडला तासन् तास रांग, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर गेलात तरी ताशी शंभरची मर्यादा. मग १२० पीएस घेऊन करायचे काय? प्रश्न रास्त आहे, पण मला तो फार मोठा वाटत नाही. चांगल्या यंत्राची आवड असणे हे पाप नव्हे. आपल्या आजोबांना चांगल्या बैलजोडीची आवड होतीच, आणि ती जोडी काही फक्त नांगरासाठी नव्हती. तो पोरगा सिगारेटला शिवत नाही, घरी पैसे देतो, आजीला दवाखान्यात नेतो. त्याला एक गोष्ट मनापासून आवडते, तर आवडू दे. भरधाव चालवून कोणाच्या जिवावर बेतले, तर तो विषय वेगळा, आणि त्यावर दुमत असायचे कारण नाही.

मला अडवत होती ती गोष्ट दुसरीच. वापरलेली गाडी घेणे हे नेहमीच थोडे अंधारात हात घालणे असते, पण वापरलेली स्पोर्टी गाडी घेणे म्हणजे अंधार जरा जास्तच. साधी गाडी बहुतेक लोक साधीच चालवतात. ही गाडी ज्याने घेतली त्याने ती पळवण्यासाठीच घेतलेली असते. क्लच, ब्रेक, टायर, सस्पेन्शन यांनी काय सोसले ते बाहेरच्या चकचकीत रंगावरून कळत नाही. टर्बोचे इंजिन जोरात पळवून तापलेले असताना लगेच बंद करायची सवय असेल, तर टर्बोच्या बेअरिंगला तेल पुरत नाही आणि त्याचे आयुष्य घटते. शिवाय हल्ली ‘रिमॅप’ नावाचा एक प्रकार निघाला आहे. गाडीच्या संगणकातली आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवतात. ११० ची गाडी तीस-चाळीस पीएस जास्त देऊ लागते. विकायच्या वेळी मूळची आज्ञावली परत टाकली की वरवर पाहणाऱ्याला कशाचा मागमूस लागत नाही. पण वाढीव ताकदीने क्लचची आणि गिअरबॉक्सची जी झीज केली, ती काही परत भरून येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. अशा गाड्यांचे काही मालक त्यांना लेकरासारखे जपतात. वेळेच्या आधी तेल बदलतात, चांगले पेट्रोल घालतात, प्रत्येक पावती फाईलला लावून ठेवतात. अशा माणसाची पाच वर्षांची गाडी एखाद्या बेफिकीर माणसाच्या वर्षभराच्या गाडीपेक्षा चांगली. म्हणजे सगळा प्रश्न येऊन ठेपतो तो मालकावर. तो कसा आहे, आणि जे त्याला ठाऊक आहे ते तो सांगणार आहे का?

या एका प्रश्नावर एका अर्थशास्त्रज्ञाला नोबेल मिळाले आहे! जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अभ्यासकाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. आधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. अमेरिकेत खोटी निघालेल्या गाडीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात, आणि निबंधाचे नाव त्यावरूनच आहे. त्याचा मुद्दा आपल्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईलाही पटेल असा आहे. गाडी चांगली की लिंबू हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सावधपणे मधली किंमत सांगतो. त्या किमतीत लिंबूवाला खूश होतो, पण ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो म्हणतो, एवढ्यात मी कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो. मग बाजारात लिंबांचे प्रमाण वाढते, घेणारा आणखी सावध होतो, किंमत आणखी उतरते. नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत का घसरते, याचे एक उत्तर त्याला इथे सापडले. गाडी एका दिवसात बिघडत नाही. पण ज्याने ती घेतली तो लगेच का विकतो आहे, हा संशय तिला त्याच दिवशी चिकटतो. २००१ मध्ये अ‍ॅकरलॉफना आणखी दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

मला या निबंधातली एक गोष्ट फार बोचते. जो विक्रेता गाडीचा दोष लपवतो, तो फक्त आपल्या गिऱ्हाइकाला फसवतो असे आपण धरून चालतो. पण ज्याचा या व्यवहाराशी काही संबंध नाही, ज्याने आपली गाडी जपली, खरे सांगितले, त्यालाही कमी किंमत मिळते, कारण लोकांचा जुन्या गाड्यांवरचा विश्वासच आपण उडवलेला असतो. माझ्या मेहुण्यांनी ठाण्याच्या त्या गृहस्थाला कधी पाहिलेही नव्हते, तरी तो फसवणारच असे ते गृहीत धरून बसले होते. ते गृहीत धरण्याची सवय त्यांना कोणी लावली? माझ्यासारख्यांनी.

आता सांगतो. २६ जुलै २००५ हा मंगळवार कोणी विसरणार नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझे ऑफिस तेव्हा कलिनाला होते. एरवी मी लोकलनेच जायचो. नेमकी त्या दिवशी सकाळी आईला डॉक्टरकडे दाखवून बहिणीकडे सोडले होते, म्हणून गाडी बरोबर होती. गाडी २००३ ची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. ऑफिसच्या आवारात ती सीटच्या वरपर्यंत पाण्यात बुडाली आणि तशीच रात्रभर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी टोचन करून वसईला आणली.

पुढचे दोन महिने आम्ही ऑफिसात रात्री नऊ-नऊपर्यंत बसून पुरात बुडालेल्या गाड्यांचे दावे तपासत होतो. आणि माझ्या स्वतःच्या गाडीचा विमा? थर्ड पार्टी. पैसे वाचवायला मी दुसऱ्या वर्षी पूर्ण विमा घेतला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मिस्त्रीने इंजिन उघडून साफ केले, गालिचे आठवडाभर उन्हात टाकले, सीटखाली अत्तराची बाटली ठेवली. गाडी चालू झाली. पण पुराच्या पाण्याचे खरे काम नंतर सुरू होते. वायरींच्या जोडांत शिरलेला चिखल महिनोन् महिने हळूहळू गंज धरत राहतो, आणि कधी काय बंद पडेल ते सांगता येत नाही. माझ्या टेबलावरून अशा शंभर गाड्यांचे कागद गेले होते. मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

मार्च २००६ मध्ये मी ती एक लाख पंच्याऐंशी हजारांना विकली. पाण्यात गेलेली म्हणून विकली असती तर एक लाख वीसच्या वर दमडी मिळाली नसती. घेणारे प्राथमिक शाळेतले एक तरुण गुरुजी होते, नाशिककडचे. त्यांच्या घराण्यातली ती पहिली गाडी. सोबत धाकटा भाऊ आणि एक मिस्त्री. मिस्त्रीने बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला, एक चक्कर मारली आणि मान हलवली. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहिला असता, तर आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ स्पष्ट दिसली असती. सीटच्या रुळांचे बोल्ट पाहिले असते तर गंज दिसला असता. त्याने पाहिले नाही. मी दाखवले नाही. आमच्या ओटीवर चहा पिताना गुरुजींनी भिंतीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे पाहिले आणि म्हणाले, “तुम्ही देवाधर्माची माणसं, काका. काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं.” मी हसलो आणि त्यांच्या बशीत आणखी दोन बिस्किटे ठेवली.

त्या पावसाळ्यात त्यांचा एकदा फोन आला. कसारा घाटात रात्रीच्या वेळी गाडीचे सगळे दिवे एकदम गेले होते. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक मारला म्हणून निभावले. बायको आणि लहान मूल गाडीत होते. आवाजात राग नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, “काका, गाडी पाण्यात गेली होती का?” मी म्हणालो, “छे हो, पाऊस काय सगळ्यांच्याच गाड्यांना लागतो.” त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

इतकी वर्षे मी स्वतःची समजूत घातली ती कायद्याने. विम्याच्या परीक्षा देताना आम्हाला भारतीय करार कायदा, १८७२ शिकावा लागे. त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक कशाला म्हणायचे ते सांगितले आहे, आणि केवळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे असा त्याचा साधारण अर्थ आहे. कलमाखाली उदाहरणे दिली आहेत, आणि तीही घोड्याची. एक माणूस दुसऱ्याला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही. हे उदाहरण मी घट्ट धरून ठेवले होते. गुरुजींनी विचारायला हवे होते, मिस्त्रीने नीट पाहायला हवे होते, मी कुठे खोटे बोललो?

भाच्याला समजावण्यासाठी म्हणून मी ते जुने पुस्तक पुन्हा काढले आणि त्याच पानावर पुढची दोन उदाहरणे वाचली. दुसऱ्यात घोडा तोच, विकणारा तोच, पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे मात्र नात्यामुळेच त्याला सांगणे भाग आहे. आणि तिसऱ्यात घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निकोप आहे असे मी समजेन. विकणारा गप्प राहतो. तिथे त्याचे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच आहे.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या ओटीवर जे झाले ते पहिले उदाहरण नव्हतेच. ते शब्दशः तिसरे होते. बिस्किटांसकट. परीक्षेसाठी मी तिन्ही पाठ केली होती, आणि लक्षात ठेवले ते माझ्या सोयीचे.

मुलीच्या उदाहरणाचाही मी खूप विचार केला. कायदा म्हणतो, परक्याला सांगायचे तुझ्यावर बंधन नाही, लेकीला सांगायचे आहे. कायद्याच्या जागी ते ठीक असेल. प्रत्येक व्यवहारात सगळ्यांना बाप-लेकीसारखे वागवा असा हुकूम सरकार काढू शकत नाही. पण हा कायदा होण्याच्या सहाशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनी याच प्रश्नावर लिहून ठेवले आहे, आणि गंमत म्हणजे त्यांचे उदाहरणही घोड्याचेच आहे. ‘सुम्मा थिऑलॉजिका’च्या खरेदी-विक्रीवरील ७७ व्या प्रश्नात ते विचारतात, विकणाऱ्याने दोष सांगितलाच पाहिजे का? दोष उघड्या डोळ्यांना दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि विकणाऱ्याने त्या मानाने किंमत उतरवली असेल, तर त्याने तोंडाने सांगायलाच हवे असे नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान किंवा त्याला धोका होणार असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. कोणी लंगडा घोडा वेगवान म्हणून विकेल, कोणी मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून विकेल, तर तो व्यवहार अन्यायाचा आणि फसवणुकीचा. इथे घेणारा लेक आहे की परका, हा प्रश्न थॉमस विचारतच नाहीत. घेणारा त्या घोड्यावर बसणार आहे, एवढेच त्यांना पुरते.

मात्र थॉमस सगळेच विकणाऱ्याच्या डोक्यावर टाकत नाहीत, हेही खरे. धान्याचा व्यापारी टंचाईच्या गावात पोहोचला, आणि मागून आणखी गाड्या येताहेत हे त्याला ठाऊक असले, तरी ते न सांगता चालू भावाने विकले तर तो अन्याय करत नाही, असे ते म्हणतात. सांगितले तर तो त्याचा मोठेपणा. उद्या भाव काय होईल आणि आज मालात खोट काय आहे, यांत त्यांनी फरक केला आहे. मला हा फरक बरोबर वाटतो. पुढच्या महिन्यात नवे मॉडेल येणार आहे हे गिऱ्हाइकाला सांगायची जबाबदारी माझी नसेल. गाडी रात्रभर पाण्यात होती हे सांगायची होती.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळात मी हे पापनिवेदनात सांगितले होते. फादरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “पैसे परत केलेत का?” मी म्हणालो, करतो. केले नाहीत. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत (परिच्छेद २४०९) सातव्या आज्ञेखाली व्यापारातली फसवणूक आलीच आहे, आणि देशाच्या कायद्यात बसत असले तरी अन्यायाने दुसऱ्याचे घेणे आणि ठेवून घेणे हे त्या आज्ञेविरुद्धच, असे तिथे सांगितले आहे. ‘ठेवून घेणे’ ही गोष्ट मी वीस वर्षे करत होतो. जक्कयाने चौपट परत करीन म्हटले. माझे पासष्ट हजार चौपटीने दोन लाख साठ हजार होतात. मी जक्कय नाही. पण पासष्टचा आकडा तरी माझ्यासमोर उभा होताच.

असो. मेहुण्यांशी मी बोललो. नवी घेण्यात चूक काहीच नाही, हे मी भाच्यालाही सांगितले. नव्या गाडीत आपण जे जादा पैसे मोजतो त्यातले बरेचसे कोणावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून मोजतो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने ती सोय खुशाल घ्यावी. पण ज्याच्याकडे साडेचार लाख आहेत, त्याने दुसरा माणूस फसवणारच या भीतीपोटी सात लाखांचे कर्ज काढावे का? मला ते पटेना. निदान त्या माणसाला एकदा भेटून, विचारून तर पाहू.

पुढच्या शनिवारी आम्ही ठाण्याला गेलो. सोबत माझा विश्वासाचा मिस्त्री. या वेळी सीटबेल्ट मी स्वतः पूर्ण ओढून पाहिला. जुलै २०१८ मध्ये आपल्या वसई-विरारमध्ये जे पाणी भरले, त्यानंतर तर ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यायला हवी होती. मालक पस्तिशीचे गृहस्थ, घरात नुकतेच बाळ आलेले, मोठी गाडी घ्यायची म्हणून ही काढत होते. सगळे पाहून झाल्यावर मी त्यांना म्हणालो, “साहेब, मी एक सांगतो. या गाडीबद्दल तुम्ही जर काही बोलला नाहीत, तर तिच्यात काही दोष नाही असे आम्ही समजू आणि हा पोरगा त्या भरवशावर ती चालवेल. म्हणून आता जे असेल ते सांगा.”

ते गृहस्थ थोडा वेळ भाच्याकडे पाहत राहिले. मग आत जाऊन एक फाईल घेऊन आले. २०२३ मध्ये त्यांनी एका गॅरेजमध्ये रिमॅप करून घेतले होते. वर्षभर तशी चालवली, क्लच घसरू लागला, मग मूळची आज्ञावली परत टाकली आणि नवा क्लच बसवला. त्याची पावती फाईलमध्ये होती. “जाहिरातीत हे लिहिलं असतं तर कोणी बघायलाही आलं नसतं,” ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. भाच्याने त्यांच्याशी तिथेच बोलून किंमत पावणेसातपर्यंत आणली. मला वाटले होते, रिमॅप ऐकून तो मागे फिरेल. तो उलट निश्चिंत झाला.

कागदांबद्दल एक शब्द, कारण याकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. गाडी दिली-घेतली की फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून घ्यावे. त्याच राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते. आरसीवर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर येत नाही, कारण तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो.

घोडबंदरच्या रांगेत परत येताना भाच्याने विचारले, “मामा, तो प्रश्न तुम्हाला कसा सुचला?” रांग लांब होती. मी त्याला सगळे सांगितले. पवित्र हृदयाची तसबीर, बिस्किटे, कसारा घाट. तो फाउंटनपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्यांचा पत्ता आहे?”

फोन नंबर केव्हाच हरवला होता. पण २००६ मध्ये मी एका बाबतीत फार दक्ष होतो. उद्या त्या गाडीने अपघात केला तर तो माझ्या अंगावर येऊ नये म्हणून फॉर्म २९ ठाण्याच्या आरटीओत वेळेत दिला होता आणि त्याची प्रत जपून ठेवली होती. ती माळ्यावरच्या पेटीत सापडली. घेणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव, तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक. खाली गुरुजींची सही, शाळेतल्या फळ्यावर असते तशा वळणदार अक्षरात.

भाच्याच्या नावावर आरसी आली. फादरांनी गाडीला आशीर्वाद दिला, मेहुण्यांनी मागच्या सीटवर बसून नाराजीने का होईना एक फेरी मारली. पहिल्या लांबच्या फेरीला कुठे जायचे ते भाच्याने मला न विचारताच ठरवून टाकले आहे. रविवारची मिस्सा झाली की निघायचे, भिवंडीवरून, कसारा घाटातून. पासष्ट हजारांचा चेक मी लिहून ठेवला आहे. नाव लिहिले आहे, तारीख अजून घातलेली नाही.